जागचं न हलणारं दुकान

आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पाटीवर इंग्रजीत 'स्टेशनरी' लिहिलंय. पण 'ई'च्या जागी 'ए' पडलाय. त्यामुळे वह्या-पेनं बाजूला राहिली आणि अर्थ झाला 'जागचं न हलणारं'. चूक दाखवायला मी लगेच सरसावलो. एन्व्हलपमधला 'ई' तोच वह्या-पेनांतला 'ई', ही शाळेतली खूण मालकांना ऐकवली. ते म्हणाले, "काका, तीस वर्षं दुकान इथंच आहे. हललंय का?"

घरी येऊन शब्दकोश उघडला, तर तोही मालकांच्याच बाजूचा! मध्ययुगात बरेच विक्रेते गावोगाव फिरत. पुस्तकविक्रेता मात्र एका जागी ठाण मांडून बसे, म्हणून तो 'स्टेशनर'. लंडनमध्ये १४०३ साली त्यांचा संघही झाला. म्हणजे दोन्ही शब्द एकाच घरचे. स्पेलिंगने मागाहून वाटणी केली.

मी गप्प बसलो. तसंही दर २७ फेब्रुवारीला 'मराठी भाषा गौरव दीन'चे फलक आपण निमूटपणे वाचतोच. ती दीर्घ वेलांटी चुकून पडते, की रंगारी खरं बोलून जातो, एवढंच ठरायचंय.