पत्र्याला स्वेटर

कामशेतजवळच्या आमच्या फॅब्रिकेशन शेडला आता स्वेटर आहे. एप्रिलात पत्र्याखाली पापड भाजायचे. आषाढात वरच्या ताशात गिऱ्हाईक भाव विचारतंय की शिव्या देतंय, कळायचं नाही. म्हणून आतून पीयू फोम मारला: दोन इंच, पिवळट, ढोकळ्यासारखा फुगलेला. आवाज कमी झाला, पत्र्याला फुटणारा घामही थांबला. फक्त पत्रे आवळणाऱ्या जे-हुकच्या भोकांतली जुनी गळती भूमिगत झाली. पाणी शिरतं एकीकडे, उगवतं तिसरीकडे. वेल्डिंगची ठिणगी उडाली की सगळे आधी वर बघतात, कारण हा स्वेटर पेटतो.

पलीकडे कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी शाबूत आहेत. आमच्या ठेकेदाराची वॉरंटी एका वर्षाची. तीही पावसाळा सोडून.