निरुपद्रवी माणसाची किंमत

आपण निरुपद्रवी आहोत हे सरकारला पटवून द्यायला किती खर्च येतो, याचा नेमका आकडा मला आता पाठ आहे. १२० अमेरिकन डॉलर, पाच वर्षांसाठी. अर्ज नामंजूर झाला तर पैसे परत मिळत नाहीत. म्हणजे तुम्ही उपद्रवी निघालात तरी खर्च तेवढाच.

हे ज्ञान बेलापुरात बसून मिळणारं नव्हे. आमचं बेलापूर श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेकाठचं. ते नवी मुंबईतलं नव्हे आणि रेल्वेचंही नव्हे, कारण ‘बेलापूर’ नावाचं स्टेशन रेल्वेने श्रीरामपुरात नेऊन ठेवलंय. ज्या गावाचं स्टेशनसुद्धा दुसऱ्याच्या दारात उभं आहे, तिथल्या माणसाने आंतरराष्ट्रीय सीमेच्या भानगडीत पडू नये. पण मुलगी कॅनडात विंडसरला दिली. विंडसरच्या पुढ्यात नदी आणि नदीपलीकडे अमेरिकेतलं डेट्रॉईट. तिथले कित्येकजण सकाळी परदेशात नोकरीला जातात आणि संध्याकाळी जेवायला स्वदेशी परततात.

अशा लोकांना नाक्यावर रोज ताटकळावं लागू नये म्हणून दोन्ही देशांनी मिळून एक पास काढलाय, ‘नेक्सस’. त्याची मार्गिका वेगळी, तपासणी थोडक्यात. १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत त्याची फी ५० डॉलर होती, त्या दिवसापासून १२० झाली. आमच्या जावईबापूंनी ५० मध्ये काम उरकलंय आणि ही गोष्ट ते घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पहिल्या चहाच्या आत सांगतात. अठरा वर्षांखालच्या मुलांना आईबापांबरोबर पास फुकट, त्यामुळे नातवाकडेही कार्ड आहे. ज्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही, त्याच्यावर दोन महासत्तांचा (एक मोठी, एक जावईबापूंच्या मते) पूर्ण विश्वास आहे.

पात्रता ऐकून मात्र मी खूश झालो. गेल्या पाच वर्षांतले पत्ते सांगा, नोकऱ्या सांगा, प्रवास सांगा. गुन्हा नोंदलेला नको, कस्टमचा नियम मोडलेला नको, अर्जात खोटं नको. मग मुलाखत आणि बोटांचे ठसे. थोडक्यात, ज्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काहीही घडलेलं नाही असा माणूस त्यांना हवा असतो. या कसोटीला माझ्याइतका उतरणारा माणूस अख्ख्या तालुक्यात सापडणार नाही. पत्ता जन्मापासून एकच. नोकरी एकच. बायकोही एकच, आणि तिच्या मते गेल्या कित्येक वर्षांत मी घरातसुद्धा काही घडवलेलं नाही.

आपल्याकडे रांगेत पुढे जायची पद्धत अगदी उलटी. इथे काउंटरपलीकडच्या माणसाला तुमच्याबद्दल काहीतरी ठाऊक असावं लागतं. “कोण, अण्णांचा धाकटा का? या, इकडून या.” झालं काम. तुम्ही अगदी सरळमार्गी असाल आणि कुणालाच ठाऊक नसाल, तर रांगेच्या शेवटी उभे राहा. तिकडे मात्र साहेबाला तुमच्याबद्दल काहीही ठाऊक नसणं हीच मोठी शिफारस, आणि त्या शिफारशीची पावतीही मिळते.

“मग आमचाही अर्ज भरून टाका,” मी जावईबापूंना म्हणालो.

“बाबा, त्याला नागरिकत्व लागतं. नाहीतर कायमच्या वास्तव्याचा परवाना. दोनपैकी कुठल्याही देशाचा चालतो.”

“आणि व्हिसावर आलेल्यांना?”

“त्यांना आपली साधी रांग.”

यातलं खरं कलम पुढच्या रविवारी कळलं. आम्ही सगळे डेट्रॉईट बघायला निघालो. पुढे जावई आणि लेक, मागे नातू, ही आणि मी. १९२९ सालचा अॅम्बॅसडर पूल लांबूनच दिसला. नेक्ससची मार्गिका मोकळी होती, शेजारी मालमोटारींची आणि साध्या गाड्यांची भली थोरली रांग. जावईबापूंनी शांतपणे गाडी रांगेत घातली. नियम असा की त्या मार्गिकेतून जायचं तर गाडीतल्या प्रत्येकाकडे पास हवा, अगदी तान्ह्या बाळाकडेसुद्धा. तीन पासधारक आणि दोन बेलापूरकर ही बेरीज त्या नियमात बसत नाही.

नातवाने खिडकीतून मोकळ्या मार्गिकेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. “आजोबा, तुमच्यामुळे ना?” ही म्हणाली, “यांच्यामुळे कुणाला लवकर पोचलेलं मी अजून पाहिलेलं नाही.” पुढे नाक्यावर आम्हा दोघांना आत ऑफिसात जाऊन ‘आय-नाइन्टीफोर’ नावाची आगमनाची नोंद करावी लागली. तिचे पैसे वेगळे. जावईबापूंचा तोपर्यंतचा सगळा ५० डॉलरचा आनंद त्या दुपारी वसूल झाला.

खरं तर सीमा आमच्या तालुक्याला नवी नाही. आमच्या उत्तरेला गोदावरी आणि पलीकडे वैजापूर-गंगापूर, म्हणजे सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा मुलूख. संस्थानाचं नाणं वेगळं, हाली सिक्का. जकात वेगळी, तिला म्हणायचे करोडगिरी. तेव्हा पलीकडे सोयरीक झालेल्या माणसाला लेकीच्या माहेरपणाचं सामानही परराज्यातून आणावं लागे. आता तिथे पूल ओलांडताना मोबाइलची रेंजसुद्धा बदलत नाही.

अलीकडे आपल्या सरकारनेही विश्वासू प्रवाशांची योजना काढली आहे. जून २०२४ मध्ये दिल्ली विमानतळावर सुरुवात झाली, पुढे मुंबईतही आली. भारतीय नागरिकांना ती फुकट आहे. पण विमानाने वारंवार परदेशी जाण्याची आमची ऐपत नसल्यामुळे आमच्या वाट्याला आलाय तो फास्टॅगचा वार्षिक पास. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हाचा दर असा: ३००० रुपयांत २०० वेळा टोलनाका ओलांडा, नाहीतर वर्ष संपेपर्यंत, जे आधी होईल ते. गाडी खासगी हवी: कार, जीप किंवा व्हॅन. रस्ता राष्ट्रीय हवा. ‘समृद्धी’वर चालत नाही. पुण्याला जाताना संगमनेरपुढे हिवरगाव पावसा आणि नाशिकला जाताना शिंदे, हे नाके आमच्या उपयोगाचे.

हिने हिशेब केला: एकदा ओलांडायला १५ रुपये. पास घेतला. पात्रतेसाठी मुलाखत नाही, ठसे नाहीत, पाच वर्षांचे पत्ते नाहीत. हा पास माणसाला नसतोच, तो गाडीला असतो. काचेवरचा फास्टॅग नीट चिकटलेला असला की झालं. आत कोण बसलंय, किती बसलेत, त्यांची पूर्वपीठिका काय, हे कुणी विचारत नाही.

नेमकी हीच बातमी आळीत पसरली. मेव्हण्याला नाशिकला लग्नाला जायचंय. शेजाऱ्यांच्या मुलीला पुण्याला होस्टेलवर सोडायचंय, गादीसकट. चुलतभावाला फक्त डोळे दाखवायचेत, पण पुण्यातच. सगळ्यांचं वाक्य एकच, “तुमचा पास आहे ना, मग टोल लागणार नाही!” डिझेलचा विषय कुणी काढत नाही, त्यावर सरकारने अजून पास काढलेला नाही. ही म्हणते, तिकडे आपण बसलो म्हणून त्यांचा पास वाया गेला. इकडे एकही फेरी वाया जाऊ नये म्हणून गाव आपल्या गाडीत बसतं.