ढगांना कॅलेंडर कळते

अमेरिका-कॅनडातल्या स्कीइंगच्या डोंगरांवर ताज्या बर्फात मोजपट्टी खुपसायची आणि आकडा जाहीर करायचा, ही रिसॉर्टची रोजची पहाटपूजा. डार्टमथ कॉलेजच्या जोनाथन झिनमन आणि एरिक झिट्झेविट्झ या अर्थतज्ज्ञांनी हे आकडे सरकारी नोंदींशी ताडून पाहिले. २००९ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष निसर्गाविषयी आदर वाढवणारा आहे: रिसॉर्टच्या मोजपट्टीवर शनिवार-रविवारी २३ टक्के जास्त बर्फ पडतो.

सरकारी यंत्रांना हा चमत्कार दिसला नाही. खातेच ते; शनिवार-रविवारी कोण डोळे उघडतो?

गर्दीतून ज्या रिसॉर्टला जास्त लाभ, त्याच्यावर ढगांची मायाही जास्त. असा समंजस पाऊस आपल्या शेतकऱ्याच्या वाट्याला कधी आला नाही.

हिमनद्या वितळतात म्हणून जगभरच्या परिषदा डोके धरून बसल्या आहेत. आठवड्यात आणखी दोन शनिवार घाला, प्रश्न मिटला. ख्रिसमसला जोडून सुट्टी आली तर हिमयुगच.

याच अभ्यासाच्या काळाच्या अखेरीस आयफोनवर एक सोय आली. स्कीवाले उतारावरूनच बर्फाची खबर एकमेकांना देऊ लागले आणि ही जादा बर्फवृष्टी एकदम आटली, विशेषतः जिथे फोनला रेंज होती तिथे.

मोबाइल टॉवरमुळे पर्यावरणाची हानी होते, याला आणखी कोणता पुरावा हवा?