निवृत्त फौजदाराने शाळा समितीवर कसे बसावे

महाराष्ट्र पोलिसांत वयाची 58 वर्षे पूर्ण झाली की माणूस गणवेश उतरवतो. आवाज मात्र घरी घेऊन येतो. पहिले काही महिने तो आवाज घरच्यांवर चालतो. सून चहा उशिरा आणते, नातू मोबाइल लपवतो, शेजाऱ्याची शेळी बांध ओलांडते, आणि प्रत्येक प्रकरणाची प्राथमिक चौकशी होते. मग घरातल्याच कुणाला तरी आठवते की गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे आणि शाळेला समिती असते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या ज्या गावांत ही परिस्थिती उद्भवली असेल किंवा उद्भवण्याची दाट शक्यता असेल, तिथल्या फौजदारसाहेबांसाठी हे मार्गदर्शन आहे. सांगायचे आहे ते एवढेच: साहेबांनी आपली चौकशी शाळेतल्या मोठ्या माणसांच्या कामापुरती ठेवावी आणि पोरांना तिच्यातून वगळावे. वाचायला हे सोपे वाटते. तीस-पस्तीस वर्षांच्या सवयीपुढे ते फार अवघड जाते.

आधी आत कसे शिरायचे ते पाहू. पूर्वी जिल्ह्याला स्कूल बोर्ड असे. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि ते बोर्ड इतिहासजमा झाले. आज गावपातळीवर बोर्ड म्हणावे असे काही असेल तर ती शाळा व्यवस्थापन समिती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 मधून ती आली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांतूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतो. उरलेल्या पाव हिश्श्यात लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि स्थानिक शिक्षणतज्ज्ञ. म्हणजे साहेबांना दोन दारे उघडी आहेत. नातवाचा सांभाळ खरोखरच त्यांच्याकडे असेल तर पालक म्हणून यावे, नसेल तर शिक्षणतज्ज्ञ म्हणून. शिक्षणतज्ज्ञ कुणाला म्हणावे यावर गावात सहसा वाद होत नाही. ज्याला पेन्शन आहे आणि दुपारचा वेळ आहे, तो तज्ज्ञ.

आत शिरल्यावर पहिला मोह होतो तो वर्गात फेरी मारण्याचा. तो टाळावा. चौथीच्या वर्गात खडू चोरीला गेला की साहेबांचे डोळे चमकतात, मागच्या बाकावरचे दोन संशयित पाच मिनिटांत निश्चित होतात आणि सहाव्या मिनिटाला त्यांतला एक गुन्हा कबूल करतो. इथे साहेबांनी स्वतःच्याच खात्याचा कायदा आठवावा. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, ही तरतूद 1872 च्या पुरावा कायद्यात होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. इंग्रज गेले, कायद्याचे नाव बदलले, तरी फौजदारापुढच्या कबुलीवरचा अविश्वास तेवढाच राहिला. मोठ्या माणसाच्या बाबतीत जी कबुली न्यायालय मानत नाही, ती नऊ वर्षांच्या पोराच्या बाबतीत शाळेने का मानावी? पोर खडूही कबूल करील आणि गेल्या वर्षी फुटलेली खिडकीही.

यावर गावातून हमखास आक्षेप येतो की धाक हवाच; साहेब नुसते व्हरांड्यात उभे राहिले तरी शाळा गप्प बसते. बसते, यात शंका नाही. पण गप्प बसलेल्या शाळेत काय काय दडते, हे ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणाने दाखवून दिले. तिथे पोरांच्या मनातला धाक कमी पडला नव्हता. मोठ्यांनी वेळेवर ऐकले नाही, वेळेवर नोंदवले नाही, आणि त्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने शाळा व पोलीस दोघांनाही धारेवर धरले. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई करते, त्यामुळे नुसते डोळे वटारणेही त्या कलमाच्या बरेच जवळ जाते. पॉक्सो कायदा तर याहून पुढे गेला आहे. मुलाचा जबाब घेताना पोलीस अधिकाऱ्याने गणवेशात असू नये, असे त्याच्या कलम 24 मध्ये लिहिलेले आहे. नोकरीतल्या अधिकाऱ्याला जो गणवेश मुद्दाम उतरवावा लागतो, तो साहेबांनी आधीच उतरवला आहे. आता आवाजातलाही उतरवला की पात्रता पूर्ण झाली. काठीवाचून माणसे सांभाळणे साहेबांना येत नाही, असेही नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करीत इंदापुरात येते. बेलवाडीच्या रिंगणात अश्व धावताना अफाट गर्दी उभी असते आणि तिथला बंदोबस्त ‘माउली, जरा मागं सरका’ या चार शब्दांवर निभावतो. माउलींना जे चालते ते माउलींच्या नातवंडांना का चालू नये?

आता साहेबांचा खरा उपयोग. समितीवरच्या पालकांना जे जड जाते, ते साहेबांच्या हाडीमाशी खिळलेले असते: मोजणे, लिहिणे आणि लिहिलेल्याची खाली पडलेल्या वस्तूशी गाठ घालणे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे 150 ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. खालच्या वर्गांत 80 आणि वरच्या वर्गांत 40 मुले जेवली, तर त्या दिवशी 14 किलो तांदूळ शिजायला हवा. हजेरीपट, साठ्याची वही आणि कोपऱ्यातले पोते या तिघांचे जबाब जुळतात का, एवढेच पाहायचे. मुद्देमालाची खोली सांभाळलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. पोत्याचा पंचनामा करावा आणि तो वजनकाट्यावर करावा, नजरेने नव्हे. शिक्षकांवर संशय घेतल्यासारखे होईल, हा आक्षेप इथे येतो. प्रत्यक्षात नीट ठेवलेली वही सगळ्यांत आधी शिक्षकालाच वाचवते. तांदूळ कमी आला असेल तर तो येतानाच कमी होता, हे सिद्ध करायला त्याच्याकडे दुसरे असते काय? जाता जाता, शिक्षकाशी साहेबांचे एरवीही जमायला हरकत नाही. शिक्षकांना अशैक्षणिक कामांना जुंपू नये असे सांगणारे कलम 27 जनगणना, आपत्ती आणि निवडणुका यांना मात्र मोकळीक देते; रजा मंजूर झालेल्या दिवशीच बंदोबस्त लागणे म्हणजे काय, हे साहेबांइतके कुणाला कळणार?

सर्वांत मोठे काम मात्र शाळेच्या कुंपणाबाहेर आहे. दिवाळीच्या आगेमागे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि मुकादमाकडून उचल घेतलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बीड, अहिल्यानगरकडून या भागात उतरतात. कोप्या पडतात. पहाटे आई-बाप कोयता घेऊन फडात जातात. मोठी मुलगी धाकट्याला घेऊन कोपीपाशी राहते किंवा वाढे गोळा करते. शाळेची घंटा तिला ऐकू येते, पण शाळेच्या पटावर ती नसते. तिच्या गावच्या पटावर ती असते, पण तिथे ती नसते. पोलिसी भाषेत हे बेपत्ता व्यक्तीचे प्रकरण झाले, फरक इतकाच की ती व्यक्ती सगळ्यांना रोज दिसते. विचारले की उत्तर मिळते, ती आपल्या हद्दीतली नाही. हद्द हा शब्द साहेबांना नवा नसावा. नीरेचा पूल ओलांडला की इंदापूरचे पुणे माळशिरसच्या सोलापुरात जाते आणि बारामतीचे पुणे फलटणच्या साताऱ्यात. या सोयीने किती तक्रारदार परत पाठवले गेले असतील, त्याचा हिशेब साहेबांनी मनात करावा. आता फौजदारी कायद्यानेच ती वाट बंद केली आहे. दखलपात्र गुन्हा कुठेही घडला असो, समोरच्या ठाण्याने तो शून्य क्रमांकाने नोंदवायचा. शिक्षण हक्क कायद्याने तेच आधी करून ठेवले होते. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम 5 सांगते. वयाला साजेशा वर्गात बसवा, हे कलम 4 सांगते. आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना दाखल करून घेणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे, हे कलम 9 सांगते. सरकारने अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही काढले आहे. तेव्हा साहेबांनी सकाळी फिरायला जाताना पावले कोप्यांकडे वळवावीत, नावे आणि वये लिहून घ्यावीत, मुकादमाशी त्याला कळेल त्या आवाजात बोलावे (इथे तो जुना आवाज वापरायला हरकत नाही) आणि यादी मासिक सभेत मांडावी. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडायच्या आत हे व्हायला हवे. मार्चनंतर केलेली यादी ही फक्त आकडेवारी असते. त्याच फेरीत शाळेसमोरून दोन-दोन ट्रॉल्या ओढत जाणारे, मागे रिफ्लेक्टर नसलेले आणि पुढे गाणी लावलेले उसाचे ट्रॅक्टर दिसतील. त्यांच्याबद्दल कुणाला आणि कोणत्या भाषेत पत्र लिहायचे, हे समितीत साहेबांखेरीज कुणालाच माहीत नसेल.

एक आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. खात्याच्या स्टेशन डायऱ्या तरी कुठे धुतल्या तांदळासारख्या असतात, असे कुणी विचारले तर साहेबांनी रागावू नये. उलट हीच आपली गुणवत्ता म्हणून सांगावी. नोंद मागाहून कशी घुसवतात, एकाच शाईने महिन्याभराच्या सह्या कशा होतात, दोन ओळींमध्ये जागा का सोडलेली असते, हे ओळखणारी नजर पुस्तक वाचून येत नाही. दुसरा, अधिक गंभीर आक्षेप असा की तीन चतुर्थांश पालकांच्या समितीत साहेब आले की बाकीच्यांची तोंडे बंद होतात. हे खरे आहे आणि त्यावरचा उपायही साहेबांच्याच हातात आहे. सभेला येणारी आई बहुधा मजुरीवर पाणी सोडून आलेली असते. तिचे बोलणे होईपर्यंत साहेबांनी खुर्ची धरू नये. सतरंजीवर कडेला बसावे आणि पाचव्या क्रमांकावर बोलावे. सभा कामाच्या वेळेनंतर ठेवण्याचा ठराव आधी मांडावा. ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद खांद्यावरून उतरले असले तरी त्यातला पहिला शब्द शाळेत पुरतो. दुसऱ्यासाठी शाळेत माणूस सापडेलच असे नाही, आणि सापडलाच तर तो चौथीच्या वर्गातला नसतो.

सभा संपली की इतिवृत्ताची वही साहेबांनी स्वतःकडे घ्यावी. किती वाजता सुरू झाली, किती वाजता संपली, कोण हजर, कोण गैरहजर, हे लिहिले आहे का पाहावे. अंगठा असेल तर कुणाचा आणि कुणासमक्ष, तेही. कोरम भरला नसताना घरोघरी वही फिरवून सह्या घेण्याची सूचना आलीच तर ती कुणी केली, हेही त्याच वहीत लिहावे. शेवटच्या ठरावाखाली उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारावी, तिच्याखाली सही करावी, आणि मग चहा सांगावा. पैसे स्वतः द्यावेत.