मीटर मागे नेणाऱ्या भाऊंना

वलगाव रोडवरचे, टिनाच्या शेडातले, माननीय भाऊ,



पत्रास कारण की, आपण दाखवलेली २०१८ ची डिझेल व्हिटारा ब्रेझा मी घेतली नाही, आणि का घेतली नाही हे फोनवर सांगायला लागलं की आपल्याकडचं नेटवर्क नेमकं जातं. म्हणून हे चारचौघांत लिहितो. आपलं नाव घालत नाही. शेड ओळखणारे ओळखतीलच, आणि ज्यांना ओळखता येणार नाही त्यांच्या गावातही असं एखादं शेड असेलच.

आधी कौतुक. मीटरवर ४८ हजार किलोमीटर. इतका स्वच्छ आकडा की त्यावरून हात फिरवावासा वाटला. पेढी नदीच्या ज्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला, त्या पुलावरून आपली रोजची ये-जा. संगतीचा परिणाम होतोच. बाबांनी आयुष्यभर गावं झाडली, आपण किलोमीटर झाडता. फरक एवढाच, की बाबा झाडून झाल्यावर कोणाकडे टोकन मागत नसत.

"पाहून घ्या ना जी, मक्खन हाये," असं आपणच म्हणालात. म्हणून पाहिली. ट्रायलला म्हणून काढलेली गाडी सरळ कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथं २०२२ च्या सर्व्हिसची नोंद ९१ हजारांच्या वरची निघाली. म्हणजे त्यानंतर तीन वर्षं ही गाडी रिव्हर्समध्येच चालली असणार. चिखलदऱ्याचा घाटसुद्धा उलटाच उतरली असेल. असा ड्रायव्हर शेडात बसवून ठेवू नका भाऊ, वाया जाईल.

वर्कशॉपची नोंद खोटी असं म्हणायला आपण मोकळे आहात. पण टायरशी काय बोलणार? टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या गाडीच्या चारही टायरवर १४२१ आहे. २०२१ च्या चौदाव्या आठवड्यातला माल. २०१८ च्या गाडीचे मूळ टायर तोवर संपले होते, आणि साधारण वापरात एक जोड चाळीस-पन्नास हजार किलोमीटर जाते. दुसरी जोडही आता घासून खुणेपर्यंत आली आहे. दोन जोड्यांचा हिशेब शाळकरी पोरगं करील. मीटर बदलता आलं, टायर बदलायचे पैसे मात्र वाचवलेत. एवढी कंजुषी करू नये भाऊ, धंद्यात गुंतवणूक लागते.

मग ते डॉक्टरसाहेब. "डॉक्टरची गाडी हाये, घर ते दवाखाना, बस." आमच्या मेळघाटात डॉक्टर मिळत नाही म्हणून वर्षानुवर्षं ओरड चालू आहे, आणि आपल्या शेडातल्या प्रत्येक गाडीला एक डॉक्टर! आरोग्य खात्याला हा पत्ता अजून कसा कळला नाही? सरकारच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकला तर मालकाचा अनुक्रम दिसतो. तिथं आकडा तीनचा आहे. शिवाय बँकेचा बोजा अजून उतरलेला नाही. पहिले मालक डॉक्टर असतीलही, पुढच्या दोघांनी प्रॅक्टिस बदललेली दिसते.

आता आपल्या लाडक्या 'मार्केट रेट'कडे येऊ. आपण मोबाइल पुढे धरून म्हणालात, "हे पाहा, अमरावतीत साडेसहा, अकोल्यात सहा पंचाहत्तर, नागपुरात सात. मी तुमाले सहा चाळीसमध्ये देऊन ऱ्हायलो." मी भारावलो. पण मी पडलो सोयाबीनवाला. बाजार समितीत माल नेला की आवक किती, किमान किती, कमाल किती, सर्वसाधारण किती, असे आकडे छापून येतात. ते झालेल्या व्यवहाराचे असतात. आपल्या मोबाइलवरचा आकडा हा मागणीचा. माझ्या ओल्या सोयाबीनला मीही सहा हजार मागू शकतो. मागायला काय जातं? व्यापारी ओलावा काढून जो देतो, तो भाव.

त्यातही एक गंमत आहे, जी आपल्याला माहीत आहे आणि घेणाऱ्या पार्टीला माहीत नसते. वाजवी किमतीची गाडी चार दिवसांत विकली जाते आणि मोबाइलवरून गायब होते. महाग लावलेली महिनोन्‌महिने तिथंच राहते. म्हणजे स्क्रीनवर जे उरतं त्याची सरासरी काढली, तर ती न विकल्या गेलेल्या गाड्यांची सरासरी निघते. शिवाय एकच पांढरी ब्रेझा तीन एजंटांनी तीन शहरांत तीन किमतींना टाकलेली असते. फोटोत मागचं कडुलिंबाचं झाडसुद्धा तेच. तिला आपण तीन पुरावे म्हणून मोजता.

"डिझेल ब्रेझा आता भेटतच नाई" हे मात्र आपण खरं बोललात, आणि खऱ्याला खरं म्हटलं पाहिजे. २०१६ साली आली तेव्हा ती फक्त डिझेलमध्ये होती, १२४८ सीसीची. २०२० साली बीएस ६ आलं, मारुतीनं डिझेल बंद केलं आणि ब्रेझा पेट्रोलची झाली. म्हणून चांगल्या डिझेल गाडीला आजही मागणी टिकून आहे. पण टंचाई चांगल्या गाडीची आहे भाऊ. लाखाच्या पुढं पळून ४८ हजारांवर परत आलेल्या गाडीची नाही.

आणि नव्या गाडीच्या किमतीचं काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवरचा कर सेससकट ३१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. शोरूममध्ये दहा लाखांना मिळणारी गाडी करातल्या फरकानेच नऊच्या आसपास आली. नवी लाखानं उतरली, तर जुनी जागच्या जागी कशी राहील? तुमच्या मोबाइलवरच्या निम्म्या जाहिराती त्या तारखेच्या आधीच्या आहेत. आम्ही तारीख वाचतो.

विम्याचा कागद तर आपण स्वतःहून दाखवलात, याबद्दल ऋणी आहे. "आयडीव्हीच सहा लाख हाये, म्हणजे सरकारी किंमत झाली ना." नाही झाली. आयडीव्ही म्हणजे विम्यापुरती धरलेली किंमत. पाच वर्षांपर्यंत घसाऱ्याचा तक्ता ठरलेला असतो. पाचव्या वर्षाला निम्मी किंमत उरते. पाच वर्षांनंतर ती रक्कम विमा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. जास्त प्रीमियम भरून थोडी फुगवताही येते. मी मात्र त्याच कागदावर दुसरा रकाना पाहिला, नो क्लेम बोनसचा. तिथं शून्य आहे. म्हणजे गेल्या वर्षी क्लेम झालाय, नाहीतर पॉलिसी मध्येच तुटलीय, नाहीतर मालक बदललाय. तिन्हींतलं एकही उत्तर 'एकहाती, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, डॉक्टरची' या गोष्टीत बसत नाही. डाव्या पिलरवरचा रंग बोटाला जाड का लागतो, ते त्यानंतर विचारलंच नाही.

शेवटी टीटीचं, म्हणजे गाडी नावावर करण्याचं. आपण खणातून कोरे, सही केलेले २९ आणि ३० नंबरचे फॉर्म काढलेत आणि म्हणालात, "नाव कवाबी चढवा." फार मोठं मन. पण १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. मालकानं गाडी सोपवल्याची नोंद पोर्टलवर करायची, मग ती विकेपर्यंत व्यापारीच मालक मानला जातो. गाडी फक्त ट्रायल, दुरुस्ती, रंगकाम अशा ठरावीक कामांसाठीच बाहेर काढायची आणि प्रत्येक फेरी लिहून ठेवायची. आपल्या भिंतीवर प्रमाणपत्राच्या जागी गेल्या वर्षीचं कॅलेंडर आहे. गाडीच्या डिक्कीत शेगावच्या प्रसादाची पिशवी सापडली, ती फेरी कुठल्या वहीत लिहिलीत?

ज्यानं ते कोरे फॉर्म सही करून दिले, त्या बिचाऱ्यालाही निरोप द्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगून ठेवलंय, की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात. गाडी पुढं कितीही हातांत गेलेली असो.

तर भाऊ, माझा आकडा ऐका. लाखाच्या वर चाललेली, तिसऱ्या मालकाची, पिलरला रंग लागलेली गाडी म्हणून चार लाख दहा हजार. चार टायर माझे. बोजा उतरल्याचं बँकेचं पत्र, जुन्या चलनांचा निपटारा आणि सुरक्षा नंबरप्लेट आपल्याकडून. सही आरसीवरच्या मालकानं माझ्यासमोर करायची. जमत असेल तर रविवारी फोन करा, नेटवर्क असलं तर.

आपली,
वलगावची एक पार्टी

ता. क. सहा चाळीसवर १८ टक्के जीएसटी म्हणून आपण १ लाख १५ हजार २०० रुपये वेगळे मागितलेत, ते लिहायचं राहिलं. तो कर पूर्ण किमतीवर नसतो, व्यापाऱ्याच्या नफ्यावर असतो. गाडी आपल्याला ४ लाख ७० हजारांना पडली असं धरलं तरी नफा १ लाख ७० हजार, त्यावर कर ३० हजार ६००. तेही आपला जीएसटी नंबर असेल तर. बिलावर तो छापून पाठवा, बाकीचं बोलू.