आकडाच्छादक शब्दसंग्रह : एक प्रबंध

प्रस्तुत प्रबंधाचा विषय क्षुल्लक आहे, हे सुरुवातीलाच मान्य करतो. नोकरीच्या मुलाखतीत ‘व्हॉट इज युवर एक्स्पेक्टेड सॅलरी?’ असा प्रश्न येतो आणि पुढे कधीतरी उमेदवार एक आकडा सांगतो. या दोहोंच्या मध्ये जे इंग्रजी शब्द येतात, तेवढ्यांचाच येथे विचार केला आहे. मुलाखतीचे उरलेले भाग, म्हणजे ज्ञान, कौशल्य वगैरे, आम्ही या शास्त्राच्या कक्षेबाहेरचे मानतो. ते कंपन्यांच्याही कक्षेबाहेरचे असावेत असा संशय आहे, पण तो स्वतंत्र प्रबंधाचा विषय होईल.

संशोधनाचे क्षेत्र : पुण्यातल्या आमच्या घराची पुढची खोली. अभ्यासविषय : आमचा भाचा, मूळ मुक्काम बार्शी, शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंग. महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. त्याआधी ते पाचवीत भेटायचे. म्हणजे आमच्यापेक्षा चार इयत्ता आधी त्याची त्या भाषेशी ओळख झाली. तरीही डिसेंबरात तो आमच्याकडे राहायला आला तो ‘इंटरव्ह्यू व्होकॅब्युलरी’ पाठ करायला, आणि आठवड्याभरात घरभर पिवळ्या चिठ्ठ्या लागल्या. फ्रिजवर ‘नेगोशिएबल’, बाथरूमच्या आरशावर ‘फ्लेक्सिबल’, देव्हाऱ्याशेजारी ‘एक्स्पेक्टेशन’. शेवटची जागा योग्यच होती, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत पडले.

आता व्युत्पत्तीकडे वळू. ‘कँडिडेट’ हा शब्द लॅटिनमधल्या पांढऱ्या रंगावरून आला. रोममध्ये पदासाठी उभे राहणारे लोक खडूने पांढरा केलेला झगा घालून मते मागत हिंडत. भाच्याने लक्ष्मी रोडवरून पांढरा शर्ट आणला तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हते. परंपरा अशाच अजाणता पाळल्या जातात. ‘नेगोशिएट’च्या मुळाशी ‘फुरसत नसणे’ असा अर्थ आहे. ‘सॅलरी’त मीठ आहे. रोमन सैनिकांना पगार मिठाच्या रूपात मिळे, ही गोष्ट सगळे सांगतात. तिला भक्कम पुरावा नाही. पण मिठाचे लॅटिन नाव त्या शब्दात आहे हे नक्की, आणि खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या मराठी माणसाला ते परके वाटू नये. याउलट ज्याला आपण अस्सल घरचा समजतो तो ‘पगार’ पोर्तुगीज आहे. पाव, बटाटा आणि पगार हे तिन्ही आपल्याला त्याच लोकांकडून मिळाले. यांतल्या पहिल्या दोघांचा वडापाव करून आपण ते कायमचे आपलेसे केले. तिसऱ्याबद्दल मात्र अजून मोकळेपणाने बोलता येत नाही.

आमचे प्रतिपादन असे. हा सगळा शब्दसंग्रह आकडा सांगण्यासाठी नसून तो झाकण्यासाठी आहे. म्हणून यास आम्ही ‘आकडाच्छादक’ अशी संज्ञा देतो. उमेदवार म्हणतो, ‘ॲज पर इंडस्ट्री स्टँडर्ड्स’. समोरची बाई म्हणते, ‘वुई ऑफर कॉम्पिटिटिव्ह पॅकेज’. तो म्हणतो, ‘आय ॲम ओपन टू डिस्कशन’. ती म्हणते, ‘डिपेंड्स ऑन द बँड’. लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडचे ‘आमचं काही म्हणणं नाही’ म्हणत राहतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे पोहे मिळत नाहीत.

यावर पूर्वपक्ष म्हणेल : मुलाला इंग्रजी कमी पडते, म्हणून तो अडखळतो. हे मत टिकत नाही. आम्ही प्रयोग करून पाहिला. सौभाग्यवती एचआर झाल्या, भाचा खुर्चीत ताठ बसला, आणि प्रश्न चक्क मराठीत विचारला : “किती हवेत?” भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे अकरा सेकंद शांतता. मग तो म्हणाला, “मामी, असं एकदम आकड्यावर येत नसतात.”

“मग कशावर येतात? सरळ साठ म्हण, पन्नासवर तुटेल.”

“ते मंडईत, मामी.”

हाच मुलगा त्या दिवशी सकाळी मंडईतून कोथिंबिरीची तीस रुपयांची जुडी वीसला घेऊन आला होता, आणि त्यासाठी त्याने कोणताही शब्दसंग्रह पाठ केला नव्हता. मात्र कोथिंबिरीचा भाव करताना माणूस स्वतः कोथिंबीर नसतो. पैसे मागू नयेत, समोरच्याने समजून द्यावेत, ही शिकवण ज्याने घरी घेतली त्याला ‘मला एवढे हवेत’ हे वाक्य कुठल्याच भाषेत जड जाते. इंग्रजीत निदान ते आपण बोललो असे वाटत नाही.

आता सीटीसी, म्हणजे ‘कॉस्ट टू कंपनी’. येथे वेदान्ताचा आधार घेणे भाग आहे. शांकरमतात सत्ता तीन : प्रातिभासिक, व्यावहारिक, पारमार्थिक. दोरीवर दिसणारा साप तो सीटीसी. पेढे वाटतात ते त्याच्यावर. ग्रॉस ही व्यावहारिक सत्ता. बँक कर्ज देते ते तिच्यावर. हातात पडते ते परमार्थ, आणि ते नेहमीप्रमाणे अल्प असते. उदाहरणार्थ, वर्षाला सहा लाख. महिना ५०,००० झाले, असे बार्शीत सांगून टाकतात. मूळ वेतन निम्मे, २५,००० धरू. त्याच्या बारा टक्के, म्हणजे ३,००० कंपनीचा प्रॉव्हिडंट फंड. तो तुमच्यातच धरलेला. १,२०२ ग्रॅच्युइटी, तीही धरलेली, मात्र कायम नोकरीत ती मिळते सहसा सलग पाच वर्षे टिकल्यावर, आणि इकडे मुले दीड वर्षात कंपनी बदलतात. मग तुमचा स्वतःचा फंड आणखी ३,०००. शेवटी महाराष्ट्र सरकारचा व्यवसाय कर २००. उरले ४२,५९८. वरती ‘व्हेरिएबल’ असेल तर तेही वजा करून पुढच्या एप्रिलपर्यंत श्रद्धा ठेवावी.

व्यवसाय कराविषयी एक टीप, जिचे या प्रबंधात तसे काही काम नाही. राज्यघटनेने या कराची वर्षाची मर्यादा २,५०० ठरवली आहे. दरमहा २०० प्रमाणे २,४०० होतात. उरलेले शंभर कोणत्या महिन्यात घ्यावेत? सरकारने त्यासाठी फेब्रुवारी निवडला. अठ्ठावीस दिवसांच्या महिन्याला ३०० रुपये! यामागचे तर्कशास्त्र आम्हाला अजून उलगडलेले नाही.

‘इन-हँड’ या शब्दावर मात्र आमचे विशेष प्रेम आहे. इंग्लंडातले लोक याला ‘टेक-होम’, म्हणजे घरी न्यायचा पगार म्हणतात. आपल्याकडे तो हातापर्यंतच येतो. घरापर्यंत पोचण्याआधी हप्ते असतात. शब्द इंग्रजी, पण आतून प्रश्न आजीचाच आहे : “हातात किती पडतात रे?”

भाच्याला जानेवारीत चाकणला नोकरी लागली. मुलाखतीत आकडा त्याने सांगितला की बाईंनी, हे त्याला आता आठवत नाही. दोघेही बराच वेळ ‘ॲब्सोल्यूटली’ म्हणत होते, एवढेच स्मरते. फेब्रुवारीचा पगार झाला तशी संध्याकाळी त्याचा फोन आला.

“मामा, शंभर रुपये कमी आलेत.”

आम्ही वरील टीप त्याला सविस्तर ऐकवणार होतो, पण त्याने एचआरला आधीच मेल पाठवला होता आणि तो आम्हाला वाचून दाखवायचा होता. मेल सुरेख होता. ‘विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट’ होते, ‘डिस्क्रेपन्सी’ होते, ‘किंडली’ तीनदा होते, शेवटी ‘डू द नीडफुल’ होते. शंभर रुपयांचा उल्लेख कोठेही नव्हता.