नेटचा आलेख काढणाऱ्यांसाठी विधिनिषेध

अकोल्यात मोर्णेच्या पश्चिमेला, जुन्या शहराच्या गल्ल्यांत, नेटवरून होणारे भांडण ठरलेल्या क्रमानेच होते. गिऱ्हाईक म्हणते, "भाऊ, नेट लय स्लो हाये." नेटवाला म्हणतो, "इकडून तं बराबर हाये, राउटर बंद-चालू करून पाहा." दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात आणि पुरावा दोघांकडेही नसतो. बँडविड्थचा आलेख काढणारे साधे साधन लिहू पाहणाऱ्या होतकरू मंडळींनी हा संवाद आधी पाठ करावा आणि मगच कीबोर्डला हात लावावा. आलेख हा या खटल्यातला साक्षीदार आहे. त्यामुळे कोणतीही नवी सोय सुचली की एवढेच विचारावे: हिच्यामुळे एखादा निर्दोष माणूस शिव्या खाण्यापासून वाचेल काय? फिरणारे काटे, बदलते रंग आणि रात्रीची काळी पाटी या परीक्षेत नापास होतात. हौस असेल तर करा, राजेहो, पण शेवटी करा.

आता शास्त्र. या विद्येचे आद्य आचार्य टोबियास ओटिकर. इंग्लंडात लेस्टरमधल्या एका विद्यापीठात बाहेरच्या जगाशी जोडणारी ६४ केबीपीएसची एकच लाइन होती. ती कोण खातो हे पाहण्यासाठी त्यांनी एमआरटीजी लिहिले आणि १९९५ मध्ये लोकांना दिले. रीत सोपी आहे. दर पाच मिनिटांनी राउटरला 'आजवर किती बाइट गेले' असे विचारायचे, मागचा आकडा वजा करायचा आणि ३०० सेकंदांनी भागायचे. खोट आहे ती राउटरच्या मोजणीत. जुना ३२ बिटांचा मोजक ४,२९,४९,६७,२९६ झाले की पुन्हा शून्यापासून सुरू होतो. १०० एमबीपीएसच्या लाइनवर ही फेरी पूर्ण व्हायला पावणेसहा मिनिटे लागतात, म्हणजे पाच मिनिटांची विचारपूस जेमतेम निभते. २०० एमबीपीएसवर मात्र पाच मिनिटांत साडेसात अब्ज बाइट जातात, मधली एक आख्खी फेरी हिशेबातून गळते आणि आलेखावर उरतात सुमारे ८५. नेटवाला पूर्ण २०० देतो आणि साक्षीदार शपथेवर सांगतो ८५! म्हणून ६४ बिटांचा मोजक वापरावा. तो नसेल तर मिनिटामिनिटाला विचारावे. बाकी सगळे विसरलात तरी चालेल, एवढे विसरू नका.

दुसरा विधी लाईन जाण्याविषयी. (वऱ्हाडात लाईन जाते म्हणजे वीज जाते, नेट तिच्या मागोमाग.) राउटरने उत्तर दिले नाही की बहुतेक साधने मुकाट्याने शून्य काढतात. पण शून्य म्हणजे मोजले आणि काही गेले नाही. उत्तरच आले नाही ही वेगळी गोष्ट आहे आणि तिथे रेघ तुटलेली दिसलीच पाहिजे. वीज परत आली की मोजक शून्यावरून सुरू होतो. भोळ्या साधनाला वाटते, फेरी पूर्ण झाली. मग ते आभाळाला भिडणारा सुळका काढते आणि त्या सुळक्याच्या मापाने पट्टी ताणली गेल्यामुळे बाकीचा दिवस तळाशी चेपला जातो. राउटर किती वेळ चालू आहे हे प्रत्येक वेळी विचारावे आणि लाइनच्या क्षमतेबाहेरचा आकडा सरळ फेकून द्यावा.

सरासरीबाबत सावध असावे. एमआरटीजी पाच मिनिटांच्या नोंदी दोनेक दिवस ठेवते. पुढे त्यांचे अर्ध्या तासाचे, दोन तासांचे आणि शेवटी दिवसाचे गोळे करते. फाइल वाढत नाही, हा गुण. पण रात्री नऊला सगळी गल्ली मालिका आणि सामने पाहायला बसते ती गर्दी दिवसाच्या सरासरीत विरून जाते. अकोल्याच्या हवेची वर्षभराची सरासरी काढली तर मे महिन्यातला पंचेचाळिसाच्या वरचा पारा कुठे दिसतो? सरासरीशेजारी कमाल आकडा ठेवावाच. चढती वाहतूकही वेगळी काढावी. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात. त्या रात्री घरोघरी व्हिडिओ चढू लागले की उतरती रेघ काहीच सांगणार नाही. आणि एकक लिहा! १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, एवढे छापले तरी निम्मी भांडणे मिटतील.

यावर जाणकार आक्षेप घेतील की आलेख वापर दाखवतो, वेग नाही. आक्षेप खरा आहे. रेघ खाली असेल तर कुणी काही पाहत नसेल किंवा पाहू शकत नसेल आणि आलेखाला दोन्ही सारखेच. म्हणून जोडीला पिंगची रेघ हवी: उत्तर यायला किती वेळ लागला, किती पाकिटे हरवली. वापर प्लॅनच्या रेषेला टेकून सपाट झाला तर लाइन भरली आहे. वापर कमी आणि पाकिटे गहाळ, तर नेटवाल्याने शिडी काढावी, ऊन कितीही असो. बिचारा काढतोही. दोन्ही ठीक आणि तरी तक्रार, तर राउटर लोखंडी कपाटामागे आहे काय ते पाहावे. मग स्पीड टेस्टच का करू नये? कारण ती एका क्षणाची साक्ष आहे आणि ती घेताना स्वतःच लाइन अडवून बसते.

नेटवाले म्हणतील, गिऱ्हाइकाच्या हाती असा आलेख देणे म्हणजे पायावर धोंडा. पण आज ते दर तक्रारीला निव्वळ आवाजाच्या जोरावर उत्तर देतात, आणि नेमके त्यांची लाइन चोख असते तेव्हा त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. देशात ब्रॉडबँड म्हणवायला किमान २ एमबीपीएस लागतात, असे २०२३ मध्ये ठरले. त्याआधी ५१२ केबीपीएसवर भागत असे. सरकारी व्याख्या एवढी उदार असताना घाबरायचे काहून? फक्त आलेख व्हॉट्सॲपवर पाठवता येईल अशा एका चित्रात, तारीख, वेळ आणि प्लॅनसकट द्या. पासवर्ड टाकून डॅशबोर्ड उघडायला डाबकी रोडवर कुणी बसलेले नाही.